बुधवारी जन्मलेली सुकरी

१

तीन बाटल्यांनी रुखमा सिडामची नोकरी खायला घेतली होती.

बाटल्या बोटभर उंचीच्या. त्यांत कोसमटोल्याच्या तीन आजारी लेकरांची शी होती, आणि त्या चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत संघप्रिया वाळकेच्या टेबलावर शहाण्या मुलांसारख्या ओळीत उभ्या होत्या. बाळांना रोटाची लस द्यायला लागल्यापासून हे काम चालू होतं. हगवणीनं दवाखान्यात भरती झालेल्या प्रत्येक लहान मुलाचा नमुना यायचा, त्यात रोटा विषाणू सापडला की त्याचं कूळ तपासायचं. कारण रोटा म्हणजे एकटा चोर नव्हे, त्यांचं मोठं खानदान आहे. लसीपुढे कोणतं कूळ मागं हटतं आणि कोणतं डोकं वर काढतं, हे शोधणं संघप्रियाच्या पोटापाण्याचं काम होतं, आणि आवडीचंही.

या हिवाळ्यात जिल्ह्यातून आलेल्या सगळ्या नमुन्यांत जी-थ्री कूळ निघालं. या तिघांत मात्र जी-नाइन निघालं. आणि तिघांच्याही कार्डावर लसीचे तिन्ही डोस नोंदलेले. पूर्ण लस घेतलेली तीन लेकरं, एकाच टोल्यातली, म्हणजे एवढ्याशा वस्तीतली, एकाच आठवड्यात सलाइनवर.

"कूळ बिळ राहू द्या," फोनवर तालुका आरोग्य अधिकारी डॉ. भोयर म्हणाले. "मला सरळ दिसतं. डोस दिलेच नाहीत, कार्डावर नुसते लिहिले. तिथली नर्स म्हणजे रुखमा सिडाम. सोमवारी अकरा वाजता तिच्या निलंबनावर सही करतोय. तुमचा अहवाल जोडायचा आहे, तेवढा पाठवा."

त्या दिवशी शनिवार होता.

"सर, अहवाल मी स्वतः घेऊन येते."

"कशाला? मेल करा ना."

"विषाणूचं कूळ मी सांगितलं. पण तो त्या लेकरांच्या पोटात का शिरला, हे अहवालात नाही. ते सोमवारी अकराच्या आत सांगते."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर सहीला माझं पेन घ्या," संघप्रिया म्हणाली आणि पिशवी भरायला लागली. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली ही मुलगी. तिचे वडील वीज केंद्रात गळकी नळी शोधण्यात पटाईत. ते म्हणायचे, वाफ दिसते तिथं भोक नसतं, भोक अलीकडं असतं.

२

पहिला संशय लसीवरच घ्यायला हवा. लस गरम झाली की पाणी आणि ती सारखीच. म्हणून संघप्रियानं गाडी आधी आरोग्य केंद्रावर नेली. तिथल्या लसीच्या फ्रीजचे राखणदार होते बापूराव. वय अठ्ठावन्न, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की समोरचा आत्ता फ्रीजचं दार उघडं टाकणार आहे.

"माह्या फ्रीजवर संशय?" ते उसळलेच. "पस्तीस वर्षं झाली बाई! सकाळ-संध्याकाळ तापमान लिहितो. पाहा वही."

वही लख्ख होती, फक्त अकरा जुलैच्या पानावर खाडाखोड होती. संघप्रियानं तिथं बोट ठेवलं. बापूरावांचा आवाज एकदम खाली आला.

"त्या दिवशी नऊ घंटे लाइन गेल्ती. मी सगळी लस बर्फाच्या पेटीत भरली अन् मोटरसायकलीवर दुसऱ्या केंद्रात नेऊन ठेवली. साहेबाले नाई विचारलं. म्हणून घाबरत घाबरत लिहिलं."

"पेटीत थर्मामीटर होतं?"

"होतं ना. पाचच्या वर नाई गेलं. अन् एक सांगतो. त्याच पेटीतली लस पाच उपकेंद्रांत गेली. बाकी चार ठिकानी एक तरी पोरगं भरती झालं काय?"

नव्हतं झालं. संघप्रियाकडे यादी होती, तिनं पुन्हा पाहिली. बापूराव आणि त्यांचा फ्रीज दोघेही धुतल्या तांदळासारखे निघाले.

पण त्यामुळे रुखमाच्या गळ्यातला फास सैल होण्याऐवजी आवळलाच. लस चांगली होती, बाकी चौघींनी दिली आणि मुलं ठणठणीत राहिली. मग पाचवीच्या गावातच काय झालं?

३

रुखमा सिडाम घराच्या ओट्यावर बसली होती. पन्नाशीची, सडपातळ. कोसमटोल्याला जाताना दोन नाले पायी ओलांडावे लागतात, आणि बावीस वर्षं दर महिन्याला ते ओलांडून पायाच्या टाचा फुटलेल्या. चौकशी चालू असेपर्यंत टोल्यात पाऊल ठेवायचं नाही, असा तिला लेखी हुकूम होता.

"रुखमाताई, डोस दिले होते?"

"देल्ले. माह्या हातानं देल्ले." तिनं हात पुढे केला, जणू त्यावर अजून लस लागली असेल. "ते कमळाचं पोरगं थुंकून राह्यलं होतं, तर मी त्याच्या गालाले बोट लावून बसली. गिळलं तवाच उठली. पण कोणाले सांगू? कार्ड म्हनते देल्ले, बाटली म्हनते नाई देल्ले. आता बाटलीचंच खरं."

"कार्डावरच्या जन्मतारखा बरोबर आहेत?"

"बरोबर म्हंजे? तिन्ही बाळंतपणं आपल्याच केंद्रात झाली. तारीख, टाइम सगळं रजिस्टरात हाय. नाव तेवढं नसते, बारसं मंग होते. म्हणून कार्डावर 'कमळाचं बाळ' एवढंच लिहितो."

"कार्डं कुणाकडं असतात?"

इथं रुखमाचा चेहरा जरा उजळला. "आंधी पावसात भिजत, उंदीर खात. मंग मीच युक्ती केली. टोल्यात देवरावभाऊचं एकच पक्कं घर. गावाची लग्नाची भांडी, गंज, पराती, सगळं त्याच्याच घरी राह्यते. ज्याले लागन त्यानं न्यावं, काम झालं की आनून ठेवावं. तिथंच एका पिशवीत साऱ्या लेकरांची कार्डं टांगली. पाच वर्षं झाली, एक कार्ड हरवलं नाई."

"मुलं आजारी पडली तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"टोल्यातच गेल्ती ना आदल्या दिशी! देवरावच्या पुतण्याचं लग्न होतं. साऱ्या लेकीबाळी माहेरी आल्या होत्या. माही तिन्ही लेकरं मांडवात खेळून राह्यली होती. मस्त होती बाई. नोकरी गेली तर जाऊ दे. पन चौकशीचं ऐकून टोल्यातल्या बाया म्हनून राह्यल्या का रुखमा पानी पाजत होती. आता लसीले कोनीच पोरगं आनत नाई. हे मले सहन नाई होत."

संघप्रियाला वाईट वाटलं, आणि रागही आला. ज्या बाईनं बाळ गिळेपर्यंत गालाला बोट लावलं, तिनं खोटं लिहिलं असेल, हे तिच्या मनाला पटेना. पण मनाला न पटणं हा पुरावा नव्हे. सहीला दीड दिवस उरला होता.

४

नमुने घेतले गेले ते ग्रामीण रुग्णालयाच्या बालकक्षात. तिथं संगणकावर माहिती भरायला विक्की होता. माजरीच्या खाणकामगाराचा मुलगा, चोवीस-पंचवीसचा, केस टोकदार, काम चोख. पण संघप्रियानं तिन्ही फॉर्म मागितले तसा तो घाम पुसायला लागला.

"मी काही केलं नाई मॅडम."

"मी कुठं म्हटलं केलं? माहिती कशी भरलीस तेवढं सांग."

"कार्डाचा नंबर टाकल्याशिवाय मशीन पुढंच जात नाई. नंबर नाई तर नमुना बाद. त्या बायांजवळ कार्डच नव्हतं. मंग देवरावभाऊले फोन केला, त्यानं बसच्या ड्रायव्हरजवळ तीन कार्डं पाठवली. आईचं नाव, जन्मतारीख, डोस, सगळं कार्डावरचं टाकलं."

"आईला तिचं नाव विचारलंस?"

"कार्डावर होतं ना." मग हळूच म्हणाला, "त्या दिवशी बावीस पोरं भरती होती मॅडम."

"आणि बाटलीवर मुलाचं नाव कुणी लिहिलं?"

"मी सांगितलं अन् नर्सबाईनं लिहिलं," मागून आवाज आला. कक्षाची सेविका एतवारीबाई पोछा टेकवून उभी होती. गोल चेहरा, आणि कुणी विचारायच्या आत उत्तर द्यायची सवय. "खाटेजवळ मीच बसून राह्यली होती. नावं मायाच सांगत होत्या, सुकरी, सोमारी अन् मंगरू. सुकरी तर एवढीशी. दहा महिन्याची लिहिली हाय, पन एकटी बसत नव्हती. डॉक्टर म्हने कुपोषण हाय."

"आया काही बोलल्या?"

"घाबरल्या होत्या. सुकरीची माय पानी मांगे तं 'नीळ्ळू' म्हने. तेलुगू. मी सिरोंच्याची, मले समजते. इकडच्या टोल्यातली बाई कायले तेलुगूत पानी मांगन?"

संघप्रियानं ते वहीत लिहिलं. मग सहज, उठता उठता म्हणाली, "एतवारीबाई, तुमचं नाव छान आहे."

"काय छान? एतवारी जन्मली म्हनून एतवारी. आमच्यात वार पाहूनच नाव ठेवते. अन् जनमभर एकबी एतवार सुट्टी नाई भेटली पाहा!" ती खदाखदा हसली.

संघप्रिया हसली नाही. ती पुन्हा खाली बसली. तिनं तिन्ही फॉर्म टेबलावर पसरले आणि मोबाइलमध्ये कॅलेंडर उघडलं.

सुकरी, आई कमळा, जन्म नऊ एप्रिल दोन हजार पंचवीस.

सोमारी, जन्म बावीस मे.

मंगरू, जन्म पंधरा मार्च.

नऊ एप्रिलला शुक्रवार नव्हता, बुधवार होता. बावीस मेला सोमवार नव्हे, गुरुवार. आणि पंधरा मार्चला मंगळवार नव्हे, शनिवार. एखादी आई चुकेल. तीनपैकी तीन?

तिनं भोयरांना फोन लावला. "सर, उद्या रविवार आहे, ठाऊक आहे. पण तुम्ही माझ्याबरोबर कोसमटोल्याला यायचं. आणि रुखमाताईंना टोल्यात यायची परवानगी आत्ता, फोनवर द्या."

"काय सापडलं?"

"एक मुलगी. तिला मी अजून पाहिलेलं नाही, पण नाव सांगते. बुधरी."

५

जीपमध्ये डॉ. भोयर कुरकुरत होते. माणूस वाईट नव्हता, पण कागदावर फार विश्वास.

"वाराचं तुम्ही म्हणता ते ठीक. पण घरचं नाव एक, कागदाचं एक, असं इकडं घरोघरी असतं."

"हाक मारायचं नाव लाडाचं असतं तर मीही सोडून दिलं असतं. हे वाराचं आहे, सर. शुक्रवारच्या पोरीला कुणी सोमारी म्हणत नाही."

मागच्या सीटवर रुखमा आपली कामाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. संघप्रियाचा फोन वाजला. नदीपलीकडे, तेलंगणातल्या एका प्रयोगशाळेत तिचा वर्गमित्र लोकेश हेच काम करायचा. तिनं फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

"तू रात्री विचारलं होतंस ना," लोकेश म्हणाला, "आमच्याकडं या हिवाळ्यात जी-नाइनच जी-नाइन आहे. त्यातही मिरचीच्या शेतावरच्या मजुरांची मुलं जास्त. तुमच्याकडं पोचलं का?"

"पोचलं. पाहुणा म्हणून आलं," संघप्रिया म्हणाली.

टोल्यात अठरा घरं. देवरावांच्या ओसरीत लग्नाची मोठाली गंजं पालथी घातलेली, आणि वर खुंटीला एक पिवळी प्लॅस्टिकची पिशवी. रुखमाला पाहताच दोन बायका लेकरं घेऊन आत वळल्या. रुखमानं मान खाली घातली.

कमळा विहिरीवरून हंडा घेऊन येत होती. संघप्रिया तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कमळाबाई, बुधरी कुठी हाय?"

कमळानं हंडा खाली ठेवला. "तुले कसं माहीत? तिचं नाव तं कोनत्याच कागदावर नाई."

"मले तिचा वार माहीत हाय. दाखवता?"

कमळानं हाक मारली. आतून एक गुबगुबीत पोर हातातली भाकरी न सोडता रांगत उंबऱ्यापर्यंत आली. दहा महिन्यांची, चार दात, टुकटुकीत. तिनं डॉ. भोयरांच्या बुटाची नाडी धरली आणि ओढली.

"ही कधी आजारी पडली होती?" भोयरांनी विचारलं. "दवाखान्यात भरती होती ना?"

"कोन? बुधरी?" कमळा चिडलीच. "रुखमाबाईनं लस पाजल्यापासून माह्या पोरीले साधी हगवण नाई लागली, साहेब. कोन म्हनते भरती होती?"

भोयरांनी हातातल्या फॉर्मकडं पाहिलं. त्यावर हिच्याच कार्डाचा नंबर होता, हिच्याच आईचं नाव होतं आणि हिचीच जन्मतारीख.

"मग त्या खाटेवर," ते हळू म्हणाले, "कोण होतं?"

६

"तेच सांगते सर, बसा," संघप्रिया म्हणाली. सगळे देवरावांच्या ओसरीत बसले. दारात बायका गोळा झाल्या.

"तीन गोष्टी जुळत नव्हत्या. पहिली म्हणजे विषाणूचं कूळ. सगळ्या जिल्ह्यात जी-थ्री आणि या टोल्यातच जी-नाइन. लस खराब असती किंवा दिली नसती, तर इथल्या मुलांना इथलाच विषाणू झाला असता. जी-नाइन बाहेरून आला. दुसरी गोष्ट, एक आई तेलुगूत पाणी मागत होती. आणि तिसरी, तिन्ही मुलांची नावं आणि त्यांच्या तारखांचे वार. तारखा रजिस्टरातल्या, त्या खोट्या नाहीत. नावं आयांनी खाटेवर सांगितलेली, तीही खोटी नाहीत. दोन्ही खरं असेल तर एकच उरतं. नाव एका लेकराचं आणि तारीख दुसऱ्याची."

तिनं देवरावांकडं पाहिलं. सत्तरीचा ताठ म्हातारा, पांढऱ्या मिशा.

"देवरावभाऊ, लग्नाले तुमच्या लेकी आल्या होत्या. नदीपलीकडून, मिरचीच्या शेतावरून?"

"आल्या ना. तिकडंच राह्यते बाराही महिने, बोलनंबी अर्धं तिकडचंच झालं. तीन लेकी, तीन नातवंडं. लग्नाच्या दुसऱ्या दिशी तिन्ही पोरं आडवी झाली."

"अन् दवाखान्यातून फोन आला, कार्ड पाठवा."

"हो. त्याइचं कार्ड नव्हतं. तिकडं कोनी बनवत नाई, इकडं त्या राह्यत नाई." देवरावांना यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. त्यांनी वर बोट केलं. "मंग पिशवीतली तीन काढून देल्ली."

"पण ती दुसऱ्या मुलांची कार्डं होती!" भोयर ओरडले.

"दुसऱ्याची कशी साहेब? गावाचीच होती." म्हाताऱ्यानं पालथ्या गंजांवर हात फिरवला. "हे गंज कोनाचं? ज्याच्या घरी लगन त्याचं. रुखमाबाईनंच तिथं पिशवी टांगली, भांड्याजवळ. मी समजलो, ज्याचं पोरगं बिमार त्यानं कार्ड न्यावं अन् आनून ठेवावं. आम्ही आनून ठेवली ना. पाहा, मोजून पाहा."

कुणी मोजलं नाही. रुखमानं तोंडावर हात घेतला. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, तसं तिचं झालं होतं. उंदरांपासून कार्डं वाचवायला तिनं जी युक्ती केली, तीच तिच्या गळ्याशी आली होती. विक्कीच्या मशीनला नंबर हवा होता, देवरावांना नातवंडांसाठी खाट हवी होती. कुणीच खोटं बोललं नव्हतं, आणि कागद मात्र खोटा झाला.

"आणि हा कागद पुढं गेला असता सर," संघप्रिया म्हणाली, "तर माझ्याच अहवालात लिहिलं गेलं असतं की पूर्ण लस घेतलेल्यांना जी-नाइननं गाठलं, लस हरली. खरं तर या टोल्यात लस जिंकलीय. पाहुणे तिन्ही आजारी पडले, त्याच मांडवात खेळलेली बुधरी पडली नाही. कारण तिला कुणीतरी गालाला बोट लावून डोस गिळायला लावला होता."

डॉ. भोयरांनी निलंबनाचा कागद बॅगेतून काढला, तो फाडला आणि तुकडे खिशात ठेवले. मग उठून रुखमासमोर उभे राहिले. "सिस्टर, मी कागद तपासले, पोरं तपासली नाहीत. चूक माझी." दारातल्या बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं त्यांनी ते पुन्हा सांगितलं, यासाठी संघप्रियानं त्यांना मनातल्या मनात शंभरपैकी शंभर गुण दिले.

रुखमा रडली नाही. तिनं विचारलं, "त्या लेकी कुठी हाय?"

आतल्या खोलीच्या दारात एक तरुण बाई उभी होती, कडेवर हडकुळी पोर. ती देवरावांची धाकटी, दिव्यानी. लेकरं अजून अशक्त म्हणून तिन्ही बहिणी परत गेल्या नव्हत्या.

रुखमानं आपल्या पिशवीतून कोरं कार्ड काढलं आणि ओट्यावर मांडी ठोकली. "हे सुकरी होय? जन्म कधीचा?"

"तारीख नाई माहीत, बाई. सुक्रवार होता."

"कोनता सुक्रवार?"

"पोळा झाला, त्याच्यानंतरचा दुसरा."

संघप्रियानं कॅलेंडर पुढं केलं. रुखमानं बोटानं मोजलं आणि लिहिलं, पाच सप्टेंबर. वार शुक्रवार. सहा महिनेही पूर्ण झाले नव्हते; म्हणूनच पोर बसत नव्हती, आणि म्हणूनच लस सुरू करायची मुदत अजून टळली नव्हती. नावाच्या रकान्यात 'दिव्यानीचं बाळ' न लिहिता तिनं 'सुकरी' लिहिलं. हे लिहिताना मात्र तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते कार्डावर पडू नये म्हणून तिनं ते बाजूला धरलं.

"मंगळवारी लस हाय. तिन्ही लेकरं आना," ती म्हणाली. "तिकडं गेल्यावर पुढचा डोस तिथल्या नर्सले हे दाखवून मांगजा. कोनी नाई म्हनलं तं मले फोन करजा."

दारातल्या त्या दोन बायकांपैकी एकीनं विचारलं, "बाई, मंगळवारी आमचीबी आनू?"

"आना ना. आनाच."

देवरावांनी सवयीनं हात पुढं केला. "दे पोरी, पिशवीत टाकून देतो. भिजन."

दिव्यानीनं कार्ड छातीशी धरलं. "नाई बाबा," ती म्हणाली. "हे माह्या सुकरीचं होय."